मुद्रक, प्रकाशक, प्रती

निवडणुकीच्या पत्रकाच्या अगदी तळाशी, डोळे बारीक करून वाचावी लागते अशी एक ओळ असते. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, किती प्रती काढल्या. ती छापावीच लागते, नाहीतर मुद्रकाच्या मागं लचांड लागतं. वर उमेदवाराचा हात जोडलेला फोटो, नेत्यांची रांग, वीस-बावीस आश्वासनं आणि खाली सहा पॉइंटात मी. १९९० पासून कोल्हापुरातल्या आमच्या पेठेत वाटल्या गेलेल्या पत्रकांपैकी बऱ्याच पत्रकांच्या तळाशी माझं नाव आहे. उमेदवार पडले, निवडून आले, पक्ष फिरून परत पहिल्या पक्षात आले, काही देवाघरी गेले. तळाची ओळ तेवढी बदलली नाही.

गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी, मी शटर ओढायच्या बेतात असताना ती आली. गल्लीतलीच पोरगी. पोरगी म्हणजे आता चाळिशीची, दोन लेकरांची आई. पण मी तिला दप्तर घेऊन रडत शाळेला जाताना पाहिलंय, त्यामुळं माझ्या लेखी ती पोरगीच.

"काका, पत्रक काढायचंय. मजकूर मी लिहून आणलोय, तेवढा क्रम लावून द्या की."

(आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी जातो' म्हणतात. पुण्याकडची सून आली की पहिले सहा महिने हसते. सातव्या महिन्यात तीही 'मी जातो' म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडते.)

मजकूर मोबाईलमध्ये होता. एकोणीस मुद्दे. पहिला चौकात स्वागत कमान, दुसरा हायमास्ट दिवे, तिसरा ओपन जिम. मग सीसीटीव्ही, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र, तालमीला मॅट, असं करत करत शेवटून दुसरा मुद्दा होता, 'बाजारात बसणाऱ्या महिलांसाठी स्वच्छतागृह'. मी म्हटलं, हे सगळं तू लिहिलंस? तर म्हणाली, अठरा मुद्दे कार्यकर्त्यांनी सांगितले. एक माझा.

मला काय झालं कोण जाणे, मी माळ्यावर चढलो आणि जुनी बॉक्स फाईल काढून तिच्यापुढं ठेवली. प्रत्येक निवडणुकीच्या पत्रकाची एकेक प्रत मी जपून ठेवत आलोय. वडिलांची सवय. ते लग्नपत्रिकांचीही ठेवायचे, पुढं कुणाचं मोडलं कुणाचं टिकलं तेही त्यांना पाठ असायचं.

जुनी पत्रकं ट्रेडलवर, म्हणजे जुन्या खिळ्यांच्या छपाई मशीनवर, छापलेली आहेत. तेव्हा अक्षर म्हणजे शिशाचा खिळा. एकेक खिळा पेटीतल्या त्याच्या घरातून उचलायचा, स्टिकवर उलटा लावायचा, ओळ भरली की फर्म्यात घ्यायची. छापून झालं की दोरा सोडून प्रत्येक खिळा परत आपापल्या घरात टाकायचा. ह्या टाकण्याचा मला मनस्वी कंटाळा. जुळवताना निदान काहीतरी तयार होतंय असं वाटतं. मोडताना नुसती भांडी घासल्यासारखं. म्हणून मी एक चलाखी केली होती. प्रत्येक उमेदवाराच्या पत्रकात ज्या ओळी हमखास येणार, त्या मोडायच्याच नाहीत. दोरा बांधून गॅलीवर, म्हणजे पत्र्याच्या तबकात, तशाच ठेवायच्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाला उचलून द्यायच्या. 'काळम्मावाडीहून थेट पाईपलाईन'. 'पंचगंगा प्रदूषणमुक्त'. 'रंकाळ्याचे सुशोभीकरण'. 'शहराची हद्दवाढ'. चार ओळी, चार पुडकी. एकाच दिवशी एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या तिघांच्या पत्रकात तेच खिळे गेलेत. अक्षरशः तेच. 'हद्दवाढ'मधल्या 'ह'ची शेपटी तुटलेली होती, ती तिन्ही पत्रकांत तुटकीच दिसते.

शाहू महाराजांचा झिंकचा ब्लॉकही असाच. सगळ्या पक्षांना लागायचा, त्यामुळं इतका झिजला की शेवटी शेवटी फेट्याच्या घड्या जाऊन नुसता काळा गोल उमटायचा. एका उमेदवारानं तक्रारही केली. मी म्हटलं, साहेब, वापर जास्त हाय.

तिनं फाईल चाळली. पहिल्यांदा हसली, मग हळूहळू गप्प झाली. "काका, म्हणजे मी जन्मल्यापासून हेच छापायलाय तुम्ही?"

तसं अगदी नाही, मी म्हटलं. एक जुळणी मोडली. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीचं पाणी खरंच पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोचलं. पन्नास किलोमीटरहून लांबून, दूधगंगेच्या धरणातून, नळातून. कितीतरी वर्षं ज्या पाण्यासाठी मोर्चे निघाले, पुढाऱ्यांची अर्धी कारकीर्द ज्याच्यावर झाली, ते आलं. त्या आठवड्यात मी एक वेडेपणा केला. खिळ्यांचं काम बंद होऊन आता वीस वर्षं झाली, खिळ्यांच्या पेट्यांवर धूळ आहे. तरी मी ते पुडकं सोडलं आणि 'थेट पाईपलाईन'चा एकेक खिळा घरात परत टाकला. बायको म्हणाली, आता ह्याचा काय उपयोग? उपयोग काही नाही. पण टाकताना कंटाळा आला नाही, हे खरं.

त्यानंतर धरणावरचा पंप बिघडला, कुठं गळती लागली की शहर दोन-दोन दिवस टँकरमागं धावतं, हे तिनं मला सांगायची गरज नव्हती. पुईखडीपर्यंत आलेलं पाणी गल्लीतल्या शेवटच्या घरात चढवायचं तर टाक्या आणि आतल्या जुन्या वाहिन्या लागतात, आणि त्या कामाला 'थेट' सारखा ठसकेबाज शब्द नाही. त्या शब्दावर मोर्चा निघाला. 'अंतर्गत वितरण व्यवस्था' म्हणून कोण मोर्चा काढणार?

मोर्च्यांचीही पत्रकं मीच छापलीत. टोलविरोधी आंदोलनाची तर गठ्ठ्यानं. एन. डी. पाटील सर, गोविंदराव पानसरे अण्णा रस्त्यावर उतरलेले, आणि आमच्या पेठेतली, एरवी फुटबॉलवरून एकमेकांची डोकी फोडणारी तालमींची पोरं एका रांगेत. वर्षानुवर्षं चाललं ते, आणि २०१६ साली टोल गेला. पानसरे अण्णा ते बघायला राहिले नाहीत. फाईलमध्ये ते पत्रक सापडल्यावर मला पहिल्यांदाच एक गोष्ट जाणवली. त्याच्यावर मुद्दा एकच आहे. टोल देणार नाही. वर एक ओळ, खाली तारीख आणि दसरा चौक. बाकी कागद कोरा. तिच्या मोबाईलमध्ये एकोणीस.

"मग तुमचं मत काय, काका? पहिलं काय घालू?"

इथं मला हसू आलं. कारण माझं मत ह्या प्रभागात नाही. प्रभागात काय, महापालिकेतच नाही.

ते असं झालं. आमचं राहतं घर प्रेसच्याच मागं होतं, शुक्रवार पेठेच्या उतारावर. २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. जामदार क्लबपाशी पाणी आलं म्हणजे आम्ही कागदाचे रीम टेबलावर उचलायचो, ही आमची पिढ्यानपिढ्यांची यंत्रणा. त्या वर्षी टेबलंच तरंगली. ऑफसेट मशीनची मोटार गेली, पन्नासेक रीम मॅपलिथो फुगून फणसासारखे झाले, खिळ्यांच्या घरांतून आठवडाभर मी चमच्यानं गाळ काढत होतो. दोन वर्षांनी जुलैत परत तेच. मग मुलगा म्हणाला, बाबा, बास. पाचगावला फ्लॅट घेतला. रोज सकाळी स्कूटरवरून शहरात येतो, प्रेस उघडतो, शहराचे जाहीरनामे छापतो आणि रात्री हद्दीबाहेर झोपायला जातो.

आणि हद्दवाढ? ते पुडकं अजून गॅलीवर आहे. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द एक इंच सरकलेली नाही. सहासष्ट-सदुसष्ट चौरस किलोमीटरात सगळं. बाहेर पाचगाव, कळंबा, उचगाव, मोरेवाडी अशी दाट वस्ती. मधली सीमा कुठं हे रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही. हद्द वाढत नाही म्हणून मोठा निधी मिळत नाही, बससेवा तोट्यात, आरक्षणाला जागा नाही, असं शहर म्हणतं. आमच्या जमिनींवर आरक्षणं टाकाल, घरफाळा वाढवाल आणि स्वतःच्या गल्लीत गटार नाही ते आम्हाला काय देणार, असं गावं म्हणतात. २०१७ मध्ये मध्यम मार्ग म्हणून बेचाळीस गावांसाठी विकास प्राधिकरण काढलं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तशी गत.

मी ह्यात कुठं आहे? ऐका. माझ्या नावानं हद्दवाढीच्या बाजूची किती पत्रकं निघाली ह्याची गणती नाही. आणि आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हद्दवाढविरोधी निवेदन फिरलं तेव्हा त्याच्यावर सही केली तीही मीच. ग्रामपंचायतीचा घरफाळा कमी आहे. एवढंच कारण. आणखी उदात्त काही सापडतंय का म्हणून मी बघितलं, सापडलं नाही.

हे तिला सांगितलं. वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "म्हणूनच तुम्हाला विचारायलोय. तुम्हाला माझ्याकडनं काय नको."

मग आम्ही दोघं बसलो. चहा मागवला. एकेक मुद्दा घ्यायचा आणि विचारायचं, हे नगरसेविकेच्या हातात आहे का? तिच्या प्रभागाबाहेर सुरू होऊन बाहेरच संपतंय का?

पंचगंगा घेतली. नदी प्रयाग चिखलीला होते, कासारी-कुंभी-तुळशी-भोगावती आणि न दिसणारी सरस्वती मिळून. घाण मात्र घराघरातून निघते आणि जयंती नाला, दुधाळी नाला अशी वाट धरते. नाल्याचं पाणी उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रात पाठवायचं अशी व्यवस्था आहे. ७६ एमएलडीचं, म्हणजे दिवसाला ७६ दशलक्ष लिटरचं ते केंद्र, दुधाळीला आणखी एक सतराचं. पंप चालू असतील तोवर ठीक. वीज गेली, पाऊस वाढला की नाला बांध ओलांडून सरळ नदीत. खाली इचलकरंजी. २०१२ साली तिथं कावीळ पसरली आणि माणसं मेली. आमच्या पत्रकांवर त्या वेळीही 'पंचगंगा प्रदूषणमुक्त' होतंच. आणि आता खरं सांगायचं तर तीस वर्षं मशीनचे रोलर रॉकेलनं धुऊन ते काळं पाणी मी मागच्या गटारात ओतलेलं आहे. त्या गटाराचं पाणी कुठं जातं हे मला ठाऊक होतं. रोलर धुवून झाले की हात पुसून मी परत तीच ओळ जुळवायला बसायचो.

"मग हे ठेवायचं की काढायचं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नदी काढ, गटार ठेव. आपल्या प्रभागातली किती घरं अजून मैलावाहिनीला जोडलेली नाहीत, ते मोजून देईन असं लिही. मोजायला कुणाची मंजुरी लागत नाही.

पुराचं घेतलं. तिथं दोघंही अडलो. कारण खरं काय लिहायचं हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत भराव टाकू देणार नाही, बांधकाम होऊ देणार नाही. पस्तीस वर्षांच्या फाईलमध्ये हे वाक्य एकाही पत्रकावर नाही. असणार कसं? भराव टाकणारा मतदार, बांधणारा मतदार, कर्ज काढून त्यात राहायला आलेला तर सगळ्यात गरीब मतदार. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की मोबाईलवर व्हिडिओ फिरतात, सगळे आभाळाला आणि धरणाला बोल लावतात. रेषेबद्दल सगळे गप्प. तिनं बराच वेळ पेन्सिल धरून ठेवली आणि म्हणाली, "काका, एवढं धाडस माझ्यात न्हाई. माझा दीर तिथंच राहतोय." मी आग्रह केला नाही. माझी सही कुठल्या निवेदनावर आहे हे तिला आत्ताच सांगून झालं होतं.

केशवराव भोसले नाट्यगृहाचा मुद्दाही होता यादीत, 'पूर्वीच्या वैभवाने उभारणार'. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळताना मी पाचगावच्या गच्चीवरून तांबडं आभाळ बघितलंय. शाहू महाराजांनी बांधलेलं, जिथल्या नाटकांच्या जाहिराती वडिलांनी ट्रेडलवर छापल्या ते थिएटर. पण ते उभं करणं राज्याच्या तिजोरीचं काम. तो मुद्दा तिनं स्वतःच खोडला.

कमान गेली. ओपन जिम गेली. (व्यायामाची ती निळी-पिवळी यंत्रं मी पहाटे बघतो. त्यांच्यावर लोक टॉवेल वाळत घालतात.) पार्किंगचं राहू दे म्हणाली, हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून भाऊसिंगजी रोडला चालणं मुश्कील झालंय, पण तो रस्ता आपल्या प्रभागात येतो का ह्यावरून आमची थोडी वादावादी झाली. आणि प्रभाग तरी काय राहिलाय? २०१५ ला ८१ प्रभाग आणि ८१ नगरसेवक, म्हणजे साधारण सात हजार माणसांमागं एक. गटार तुंबलं की कुणाच्या दारात जायचं हे म्हातारीलाही ठाऊक असायचं. आता ८१ जणांचे वीस प्रभाग. चार-चार जणांचं पॅनेल, एका प्रभागात पाच, सत्तावीस-अठ्ठावीस हजार वस्ती. मधली पाच वर्षं तर निवडणूकच नव्हती, प्रशासक होते.

शेवटी तिच्या स्वतःच्या मुद्द्यापाशी आलो. मी विचारलं, हा एकच मुद्दा तुझा कसा काय?

तिची आई एका मंडईत भाजी घेऊन बसायची. पहाटे पाचला निघायची, दुपारी तीनला परत. "आई सकाळपास्नं पाणी प्यायची न्हाई. चहा पण न्हाई. आम्हाला वाटायचं, तिला उपास असतोय. आमच्या घरात आईला देवभोळी म्हणायचे." ती हे हसत सांगत होती. "मूतखडा झाला तवा डॉक्टर म्हणाले, पाणी का पीत नाही? तवा बोलली. जायला जागा न्हाई म्हणून. पंचवीस वर्षं."

देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी सोयी होतात, व्हायलाच पाहिजेत. दर्शनाला येणारी आली, वाटेत दहा रुपयांची मेथी घेतली आणि गेली. मेथी विकणारी दहा तास तिथंच असते. मी त्या मंडईवरून रोज जातो. भाव करतो. माझ्या कधी डोक्यात आलं नाही. पस्तीस वर्षांत माझ्या चार पुडक्यांच्या शेजारी ही ओळ बांधून ठेवावी अशी वेळच आली नाही, कारण ती कुणी दुसऱ्यांदा मागितली नाही.

पत्रक तयार झालं तेव्हा त्याच्यावर तीन मुद्दे होते. स्वच्छतागृह, तेही कुठं, किती वाजता उघडणार आणि साफ करणाऱ्या बाईचा पगार कशातून, एवढ्या तपशिलासकट. मैलावाहिनीला न जोडलेल्या घरांची मोजणी. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसणार, हा तिसरा. खाली एक वाक्य तिनंच घातलं: 'थेट पाईपलाईन, हद्दवाढ, पूर याबद्दल सभागृहात बोलेन, ते माझ्या एकटीच्या हातात नाही.' प्रूफ काढलं, एक वेलांटी सुधारली.

चार दिवसांनी ती आली ती हातात गुळगुळीत कागदाचं चौपानी पत्रक घेऊन. पॅनेलचं. चौघांचे फोटो, नेत्यांच्या दोन रांगा, बाहेरून कुठून तरी छापून आणलेलं. कुणीतरी वडीलधाऱ्यांनी सांगितलं होतं की एकटीनं वेगळं पत्रक काढू नये, संदेश चुकीचा जातो. मी सवयीनं आधी तळाची ओळ वाचली. मग मुद्दे मोजले. चोवीस. पहिला स्वागत कमान. स्वच्छतागृह सतरावं, 'महिलांसाठी अत्याधुनिक स्वच्छतागृहे', अनेकवचनात.

मी काही बोललो नाही. ॲडव्हान्सचे पैसे परत द्यायला गल्ला उघडला.

"ऱ्हावू दे वो काका. पाचशे छापा. बाजारातल्या बायकांना मीच वाटतो."

"प्रकाशक कुणाला लिहू? पॅनेलला?"

"माझंच घाला. बिल पण माझ्याच खर्चात."

पांढरा कागद त्या दिवशी संपलेला होता. लग्नपत्रिकांतला फिकट गुलाबी शिल्लक होता, चांगला जाड, तोच भाव लावतो म्हटलं. तिनं कागद उजेडात धरून बघितला आणि विचारलं, "गुलाबी कुठल्या पक्षाचा न्हाई न्हवं?"

मी आठवून बघितलं. तसा अजून नव्हता.